नव्या गाडीची सूट वेगळी, जुन्या गाडीचा भाव वेगळा

मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,



नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पावणेसहाला माझ्या फोनवर बँकेचा मेसेज आला. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर माझ्या फास्टॅगमधून पैसे कापले गेले होते. मी तेव्हा पिंपळे गुरवला घरी चहाचं आधण ठेवत होतो. ती गाडी मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, १ ऑक्टोबर २०२५ रोजी, नव्या गाडीच्या बदल्यात एका शोरूमला देऊन टाकली होती. ॲपवर नंबर टाकून पाहिला, तर मालक म्हणून नाव माझंच.

फास्टॅग बंद करायला हवा होता, ती चूक माझी. तो त्याच दिवशी बंद केला. पण त्या मेसेजने मला महिनाभर मागे नेलं आणि तो सगळा व्यवहार मी कागदावर मांडून पाहिला. तो मांडल्यावर जे दिसलं, त्यासाठी हे पत्र.

मी ३१ वर्षं एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत काम केलं. गल्लीत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली, की मला सोबत नेतात. दारांचे रबर ओढून आतलं वेल्डिंग बघायचं, बॉनेटच्या बोल्टांना पाना लागलाय का ते बघायचं, सगळ्या काचांवरचं साल जुळतं का ते बघायचं, ही माझी सवय. म्हणजे गाडी मला कळते. तरीही माझी स्वतःची गाडी देताना मला योग्य भाव मिळाला नाही, आणि कुठे कमी मिळाला हे कळायलाच मला महिना लागला. मग ज्यांना टायर आणि ट्यूब यातला फरक सांगावा लागतो, त्या माणसांचं त्या टेबलावर काय होत असेल?

गाडी २०१६ ची वॅगन आर. पेट्रोल, एमएच चौदा पासिंग, फर्स्ट ओनर, ६२ हजार किलोमीटर. प्रत्येक सर्व्हिसिंगची पावती प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावलेली. २०२१ साली उजवीकडचं मागचं दार एका टेम्पोने ठोकलं होतं, ते मी दुरुस्त करून रंगवून घेतलं. हे मी मूल्यमापन करायला आलेल्या मुलाला त्याने विचारायच्या आधीच सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, त्याच्या हातात रंगाची जाडी मोजणारं यंत्र होतं.

याच गाडीला ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याने २ लाख ६० हजार लिहून दिले होते. मी थांबलो, कारण छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरणार अशी चर्चा सुरू झाली होती. तो २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी उतरलाही. नवी गाडी स्वस्त झाली. मी शोरूममध्ये गेलो, तर जुन्या गाडीचे सांगितले २ लाख ५ हजार. "काका, नवीच स्वस्त झाली, मग जुनीला कोण विचारणार?"

यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. नवीचा भाव उतरला की जुनीचा उतरणारच. प्रश्न किती, हा आहे. छोट्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता, आता १८ टक्के आहे. म्हणजे कराआधी १०० रुपयांची जी वस्तू १२९ ला पडायची, ती ११८ ला पडू लागली. उतार साडेआठ टक्क्यांचा. तोच उतार माझ्या २ लाख ६० हजारांना लावला, तर भाव येतो जवळपास २ लाख ३८ हजार. मला सांगितलेला भाव २१ टक्क्यांनी खाली होता. सणाच्या गर्दीत एक्स्चेंजला गाड्या जास्त येतात, त्याचे थोडे आणखी कापले तरी हिशोब लागत नाही. हे गणित मला त्या टेबलावर सुचलं नाही. घरी येऊन पेन्सिलीने केलं, तेव्हा उलगडलं.

मग टायर. मुलाने चारी टायर "जुने" म्हणून १६ हजार कापले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरांवर १८२३ होतं, म्हणजे २०२३ सालातला अठरावा आठवडा. दोन वर्षांचे टायर, नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. मुळात ९ वर्षांच्या गाडीचा जो पायाभूत भाव धरतात, त्यात टायर, बॅटरी, क्लच वापरलेले आहेत हे धरलेलंच असतं. त्यातून पुन्हा नव्या टायरांची पूर्ण किंमत वजा करायची, म्हणजे एकच झीज दोनदा मोजायची. मी हे बोललो, तर त्याने माझीच विम्याची पॉलिसी पुढे केली आणि म्हणाला, "तुमच्या कंपनीनेच १ लाख ९० हजार लिहिलंय." पॉलिसीतला तो आकडा गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर कंपनी किती देईल याचा असतो. ५ वर्षांपर्यंत तो ठरलेल्या घसाऱ्याने काढतात, पुढे कंपनी आणि ग्राहक आपसांत ठरवतात. हप्ता कमी यावा म्हणून मीच तो कमी ठेवला होता. बाजारभावाशी त्याचा संबंध नाही, पण टेबलावर तो छापील कागद होता आणि माझ्याकडे फक्त तोंडी बोलणं.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या दिवशी हिशोब असा होता: नव्या गाडीवर सूट ४० हजार, जुनीचे २ लाख ५ हजार. मी उठलो. मॅनेजर आले, चहा आला, आत जाऊन कुणाशी तरी बोलून आले आणि जुनीचे २ लाख ३० हजार झाले. मला वाटलं, जिंकलो. घरी फोन करून सांगितलंसुद्धा. दसरा तोंडावर होता, मुहूर्ताला गाडी दारात हवी होती, सही केली. शेवटच्या बिलावर नव्या गाडीची सूट १५ हजार लिहिलेली होती. ४० आणि २०५, किंवा १५ आणि २३०. बेरीज २ लाख ४५ हजारच. त्यांनी मला एक रुपयाही वाढवून दिला नव्हता, उजव्या खिशातला डाव्या खिशात घातला होता. त्याच आठवड्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने तेच मॉडेल तिथूनच घेतलं, एक्स्चेंज न करता. त्याला ४० हजारांची सूट मिळाली. म्हणजे ती सूट दारात येणाऱ्या प्रत्येकाची होती. माझ्या गाडीचे मला खरे मिळाले ते २ लाख ५ हजारच.

महोदय, एक्स्चेंजचा सगळा अंधार या एका बेरजेत आहे. जुनीचा भाव, नवीची सूट, कंपनीचा एक्स्चेंज बोनस, विम्यातली सवलत हे चार वेगळे पैसे आहेत. चौघांचे मालक वेगळे, कारणं वेगळी. ते एका कागदावर "एकूण फायदा" म्हणून एकत्र केले, की कुठला पैसा कुठून आला हे ग्राहकाला कधीच कळत नाही.

विम्याचंच बघा. मी नऊ वर्षांत क्लेम घेतला नव्हता. ते दारसुद्धा टेम्पोवाल्याने पदरचे पैसे देऊन करून दिलं. त्यामुळे माझा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला होता. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी गेली तरी तो विमा कंपनीकडून लिहून घेता येतो आणि ३ वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता असतो, तो त्याने निम्मा होतो. माझ्या बिलावर ही रक्कम "शोरूमतर्फे विमा सवलत" म्हणून छापली होती. नऊ वर्षं सांभाळून गाडी चालवल्याचं फळ मला त्यांची मेहेरबानी म्हणून परत मिळालं.

माझी मुलगी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. तिने मला जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० सालच्या निबंधाबद्दल सांगितलं. जुन्या मोटारींच्या बाजारावरच्या त्या विचारासाठी त्यांना पुढे २००१ मध्ये नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. विकणाऱ्याला गाडी ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी थोडी खराबच असणार असं धरून भाव करतो, आणि त्यामुळे चांगल्या गाडीचे मालक बाजारातून अंग काढून घेतात. मला हे लगेच पटलं, कारण किलोमीटर मागे केलेल्या गाड्यांमुळे माझ्या खऱ्या ६२ हजारांवर कुणाचा विश्वास बसत नव्हता, फाइल उघडून दाखवली तरी. पण शोरूमच्या टेबलावर या विचाराची दुसरी बाजूही बघायला मिळते. तिथे घेणारा यंत्र लावून माझी गाडी माझ्याइतकीच जाणून घेतो. मी मात्र त्याचा बाजार जाणत नाही. ही गाडी तो कुणाला विकणार, कितीला विकणार, या महिन्यात अशा गाड्या किती गेल्या, हे सगळं त्याच्या संगणकात असतं. माझ्यासमोर त्या संगणकाची पाठ असते.

आणि कायदा? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहक कुणाला म्हणतो? जो वस्तू विकत घेतो किंवा सेवा घेतो, त्याला. नवी गाडी घेणारा मी त्या व्याख्येत बसतो. त्याच खुर्चीवर, त्याच मिनिटाला जुनी गाडी विकणारा मी त्या शब्दांत सापडत नाही. दोन्ही व्यवहार एकमेकांत गुंतवण्याचा फायदा कुणाला होतो, हे वेगळं सांगायला नको.

जीएसटीच्या नावाने जे चालतं, तेही तुमच्या कानावर घालतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि त्यानंतर जानेवारी २०२५ पासून जुन्या छोट्या गाड्यांवरचा दर १२ वरून १८ टक्के झाला. तेव्हापासून "सरकार १८ टक्के कापतं, आम्ही काय करणार" हे वाक्य मी तीन ठिकाणी ऐकलं. हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, विक्रेत्याच्या फरकावर आहे. माझी गाडी पुढे २ लाख ९५ हजारांच्या जाहिरातीत माझ्या भाच्याला दिसली, "टायर उत्तम" असं लिहून. कागदोपत्री खरेदी २ लाख ३० हजार, म्हणजे फरक ६५ हजार. त्यावर १८ टक्के म्हणजे ११,७००. जुन्या १२ टक्क्यांनी ते ७,८०० झाले असते. वाढ ३,९०० रुपयांची. पण १८ टक्के ऐकणारा माणूस मनात पूर्ण किमतीचे धरतो, म्हणजे ५३ हजार, आणि भाव पाडू देतो.

विक्रेत्याने नफा घेऊ नये असं मी म्हणत नाही. त्याला जागेचं भाडं आहे, पॉलिश आहे, गाडी दोन-तीन महिने अंगावर पडते, वॉरंटी द्यावी लागते. मी स्वतः गिऱ्हाईक शोधून विकली असती, तर जास्त मिळाले असते, पण रविवार घालवावे लागले असते, अनोळखी माणसांना किल्ली द्यावी लागली असती, बुडण्याची भीती वेगळीच. ते ओझं तो उचलतो, त्याचे पैसे त्याने घ्यावेत. माझं म्हणणं एवढंच, की ते किती आहेत हे मला दिसलं पाहिजे. भाजी मंडईत २०१६ पर्यंत शेतकऱ्याकडून अडत घेत, तेव्हा ती किती टक्के हे त्याला पट्टीवर दिसायचं. मोटारीच्या व्यवहारात ती पट्टीच नाही.

शेजारच्या वहिनींचा अनुभव माझ्यापेक्षा वाईट आहे. त्यांचे यजमान गेले, गाडी यजमानांच्याच नावावर राहिली. वहिनींना चालवता येत नाही, म्हणून मुलासाठी छोटी गाडी घेताना त्यांनी ती एक्स्चेंजला द्यायचं ठरवलं. "मयताच्या नावाची गाडी, कागद फार किचकट" म्हणून त्यांच्याकडून ३० हजार कापून घेतले. मालक वारल्यावर वारसाच्या नावे गाडी करायला नमुना ३१ आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत कार्यालयाला कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा, एवढी ती वाट आहे. मुदत टळली असती तर थोडा दंड भरून काम झालं असतं. वहिनींना हे कुणी सांगितलं नाही. दुःखात असलेल्या बाईला कागदाची भीती घालून घेतलेले ते ३० हजार मला माझ्या टायरांपेक्षा जास्त लागतात.

आता ज्या कारणाने मी तुम्हालाच लिहिलं, ते सांगतो. गाडी देताना माझ्याकडून नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या. घेणाऱ्याचं नाव रिकामं, तारीख रिकामी. "गिऱ्हाईक मिळालं की आम्ही भरतो, सगळे असंच करतात." मीही केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी दिली, तर देणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. मी कळवलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगून ठेवलंय, की नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी पुढे कितीही हातांत गेली असो. त्या खटल्यात गाडी विकून पुढे अनेकांकडे गेली होती, अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मूळ नावावर आली. म्हणजे नोव्हेंबरच्या त्या पहाटे माझ्या गाडीने साताऱ्याच्या रस्त्यावर कुणाला उडवलं असतं, तर समन्स माझ्या दारात आलं असतं. शोरूमने मला जो भाव दिला, त्यात या धोक्याची किंमत कुठे होती?

यावर उपाय सरकारने केलेला आहे, म्हणूनच जास्त वाईट वाटतं. केंद्राने २२ डिसेंबर २०२२ ला मोटार वाहन नियमांत बदल केला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याने तुमच्या कार्यालयाकडून अधिकृत विक्रेता म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं. गाडी ताब्यात घेताना नमुना २९-सी ऑनलाइन भरायचा. तो भरला, की त्या क्षणापासून विक्रेता मालक मानला जातो, जबाबदारी त्याची. चाचणी, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांशिवाय त्याने ती रस्त्यावर काढायची नाही आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. इतका चांगला नियम आहे. मी त्या शोरूममध्ये २९-सी हा शब्द उच्चारला, तेव्हा समोरच्या मुलाने तो लिहून घेतला, कारण त्याने तो पहिल्यांदा ऐकला होता.

भाव ठरवून देणं तुमचं काम नाही, हे मला ठाऊक आहे. मी ते मागत नाही. पण ज्याला नव्या गाड्या विकायचं व्यवसाय प्रमाणपत्र तुमचं कार्यालय देतं, तोच एक्स्चेंजमध्ये जुन्या गाड्या घेतो. त्याला तुम्ही एवढं सांगू शकता, की २९-सी ची पोच हातात दिल्याशिवाय ग्राहकाकडून किल्ली घ्यायची नाही आणि कोऱ्या नमुन्यावर सही मागायची नाही. अधिकृत विक्रेत्यांची नावं प्रत्येक आरटीओच्या फलकावर मराठीत लावा. एजंटांच्या टपऱ्या जिथे आहेत, तिथे तो फलक दिसेल असा हवा, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात नको. आणि अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाला सोबत घेऊन एक साधा तक्ता ठरवा. त्यात नव्या गाडीवरची सूट एक्स्चेंज न करताही किती मिळाली असती ते लिहावं. जुन्या गाडीचा भाव नवी न घेताही किती दिला असता ते लिहावं. जे काही कापलं ते कशासाठी, टायर असतील तर कुठल्या सालचे, दार असेल तर कुठलं, हे एकेका ओळीत लिहावं. नो क्लेम बोनस ग्राहकाच्या नावानेच दाखवावा. कागद दोन असावेत, एक नवीचा, एक जुनीचा, आणि दोन्हींवर वेगवेगळी सही. मग ज्याला पटेल तो देईल, ज्याला नाही पटणार तो जुनीचा कागद घेऊन शेजारच्या दुकानात जाईल. आज असा कागदच नसल्यामुळे त्याला कुठे जाताच येत नाही.

माझ्या गल्लीत आता मी दोन गोष्टी सांगतो. शोरूममध्ये शिरल्यावर जुन्या गाडीचा विषय काढू नका, आधी नवीचं कोटेशन लेखी घ्या. आणि जुनीचे एका आठवड्यात तीन ठिकाणचे भाव लिहून घ्या, कारण महिन्यापूर्वीचा भाव कुणी मानत नाही. गेल्या रविवारी आमच्या कार्यशाळेतल्या एका वेल्डरची गाडी अशीच तीन ठिकाणी फिरवली. पहिला आणि तिसरा भाव यांत ३८ हजारांचा फरक निघाला. गाडी तीच होती.

या पत्रासोबत माझ्या बिलाची प्रत, ऑगस्टमधल्या लेखी भावाची प्रत आणि टोलच्या मेसेजची छापील प्रत जोडली आहे. शोरूमचं नाव बिलावर आहे, ते मी इथे जाहीरपणे लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका दुकानाबद्दल नाही. गाडी हस्तांतरित केल्याची सूचना मी आता उशिराने पिंपरी-चिंचवडच्या कार्यालयात दिली आहे आणि तिची पोच माझ्याकडे आहे. आज सकाळी पुन्हा नंबर टाकून पाहिला. नाव अजून माझंच आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी
पिंपळे गुरव, पुणे